जावयाची ड्यूटी

राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात अजयनं बाप झाल्याची पगारी रजा टाकली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या जाहिदनं मोबाइलमध्ये पाहून माहिती पुरवली. स्वीडनात म्हणे बाप महिनोन्महिने पगारी घरी राहतात. जपानात तर वर्षभराची मुभा, पण लोक काय म्हणतील म्हणून कित्येक बाप रजा मागतच नाहीत. अजयला जपान्यांची कीव आली. त्याला पंधरवडा मिळाला होता. तेवढ्यात लेकीला आपला हात ओळखीचा व्हावा, एवढंच त्याला हवं होतं.

अडचण अशी की रजा बापाची होती आणि पहिलं बाळंतपण माहेरचं. बायकोच्या, चंचलच्या, आरमोरीकडच्या माहेरी तो बॅग घेऊन उतरला, तो बाप म्हणून नव्हे, जावई म्हणून.

सासूबाई गुणाबाईंनी आल्या दिवशीच कोंबडा कापायला लावला. अजयला ओसरीवरच्या खाटेवर बसवण्यात आलं. आत पोरगी रडली की तो उठे, आणि तो उठला की चहा येई. त्यानं बादलीतला लंगोट उचलला, तर सासूबाईंनी तो चोराच्या हातून घ्यावा तसा काढून घेतला. खळ्यावर धानाची मळणी चालू, घरात माणसं अपुरी, आणि होती त्यातली अर्धी जावयाच्या सरबराईत. लेक दोनदाच हातात आली, दोन्ही वेळा फोटोसाठी.

शेवटी बाजेवरून चंचलच म्हणाली, "तुमी आल्यापासून मायले पोरीले न्हाऊ घालाले वेळ नाई. उद्या जा बरं राजुऱ्याले."

रात्री जेवताना सासरे दादाजी नेहमीप्रमाणे ऑफिसातल्या बाबू लोकांवर घसरले. पगार घेऊन बसून राहणारा माणूस त्यांना साप-विंचवाहून वाईट वाटे. अजयनं ताटातला हात थांबवला.

"मामाजी, मीबी तेच करून राह्यलो."

"म्हंजे?"

"माहा पगार चालू हाये. ड्यूटी पोरगी सांभाळाची. अन् मी खाटेवर बसून कोंबडा खाऊन राह्यलो."

दादाजींचा घास तोंडातच राहिला. जावयानं लंगोट धुतले तर गावात शोभा. पण बिनकामाचा पगार, आणि तोही आपल्याच ओसरीवर! बराच वेळ चावून झाल्यावर ते आतल्या दिशेनं म्हणाले, "अवं, सकाळी बादली त्याईले दे."

सकाळी शेजारचा मुखरू हापशीवर थबकला. जवाई लंगोट काऊन धूते, असं त्यानं विचारलं. दादाजी खळ्यावरून खास देखरेखीला आले होते. सरकारी नोकरीत चिकटलेल्या पोराबद्दल सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "ड्यूटी हाये. पगार भेटते."

मुखरूनं थोडा विचार केला आणि आपल्या पोरासाठी, श्रावणसाठी, एखादी जागा आहे का, विचारलं. आधी लेकरू लागते, असं दादाजींनी म्हटल्यावर तो हिरमुसून गेला. श्रावणचं अजून लग्न जमत नव्हतं.

दुपारी अजयनं चहा मागितला. ड्यूटीच्या टायमात चहा नाही, असा दादाजींचा हुकूम सासूबाईंनी खाली मान घालून सांगितला. इतक्यात आत पोरगी रडली. घरातलं कोणीच उठलं नाही. अजय हात पुसत आत गेला.