सत्तावीस नंबरचा पापुद्रा

फळ्यावर एकेचाळीस पापुद्रे होते आणि साच्यात बेचाळीस तुकडे. वहिनींनी पुन्हा मोजलं, या वेळी शेवटाकडून. एकेचाळीसच.

बोटी बांधणाऱ्या त्या यार्डात त्यांना सगळेच वहिनी म्हणत. त्यांचा धाकटा दीर तिथेच डिझाइन इंजिनिअर होता. त्याची हाक ऐकून फोरमनपासून रंगाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. काम मात्र त्यांचं स्वतःचं होतं. कार्बनच्या कापडाचे तुकडे साच्यात एकावर एक बसवून यॉटचं अंग घडवणाऱ्या पाच जणांच्या त्या प्रमुख. या कापडात चिकट रेझिन आधीच मुरवलेलं असतं; ते फ्रीजरमध्ये टिकतं आणि ओव्हनमध्ये तापवलं की कडक होतं. कापडाच्या पाठीला निळ्या प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. तुकडा कापला की पापुद्र्यावर नंबर टाकायचा, तुकडा बसला की पापुद्रा सोलून फळ्यावर चिकटवायचा. एखादा चुकून आत राहिला, तर वरचा थर खालच्याला कधीच धरत नाही. बाहेरून काही कळत नाही. कळतं ते समुद्रात.

हे तुकडे तर कीलच्या खोबणीभोवतीचे. कील म्हणजे बोट कलंडू नये म्हणून तिच्या पोटाखाली असतं ते जड पातं. या बोटीच्या मालकाच्या दारापुढचं पाणी उथळ, म्हणून त्याला कील वर उचलून घेता येईल अशी बोट हवी होती. यार्डाने असं काम पूर्वी केलं नव्हतं. भावोजींनी चार महिने आकडेमोड करून ती खोबण बसवली होती.

मोजणी रोज संध्याकाळी करायची, हा वहिनींनीच घातलेला नियम. काल चार वाजता मुलीच्या शाळेतून तापाचा फोन आला, त्या निघाल्या, आणि मोजणी सकाळवर गेली. नियम एकदाच मोडला आणि नेमका तेव्हाच दगा झाला.

त्यांनी नंबर लावून पाहिले. सत्तावीस नव्हता. त्याच्यावर पंधरा थर बसले होते.

कचऱ्याचा डबा उपडा केला. टेबलांखाली पाहिलं. व्हॅक्युम क्लिनरची पिशवी फाडली. पाचही जणांनी बुटांचे तळवे दाखवले, शाळेत नखं दाखवतात तसे. काही नाही.

साडेदहाला फोरमन कागद घेऊन आला. "वहिनी, सही टाका. अकराला ओव्हन पेटवतो. माल फ्रीजरबाहेर काढल्याची मुदत आज संपतेय."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "एक पापुद्रा कमी आहे. काल मी मोजलं नाही. चूक माझी."

फोरमन जवळच्या बादलीवर बसला. "उघडायचं म्हटलं तर?"

"पंधरा थर उचकटायचे. उचकटलेलं कापड परत लावता येत नाही. नवीन यायला तीन आठवडे."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर सही तुमची."

फोरमनने कागदाची घडी घातली आणि भावोजींना बोलावणं पाठवलं.

भावोजी आले ते अर्धं सँडविच हातात घेऊन. ऐकता ऐकता त्यांचं चावणं थांबलं. मग साच्याभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "लगेच उचकटू नका. सत्तावीस धरतच नाही असं समजू. बाकीचे थर भार पेलतात का, हिशोब करून बघतो. पाच मिनिटं द्या."

"करा," वहिनी म्हणाल्या. "पण बोटीत माणसं बसणार आहेत, तुमचा हिशोब नाही बसणार."

भावोजी खिसे चाचपू लागले. या माणसाला लिहायला कागद सोडून काहीही चालतं. पुठ्ठा, तळहात, एकदा तर वहिनींच्या डब्याचं झाकण. शर्टाच्या खिशातून आगपेटी निघाली, तिच्यावर कुणाचा तरी फोन नंबर. मागच्या खिशातून चार घड्या घातलेलं काहीतरी निघालं. ते उलगडून त्यांनी उजेडाकडे धरलं.

"खोबणीची रुंदी एकशे चाळीस, काठाची जाडी…"

फोरमन बादलीवरून पुढे वाकला. भावोजी वाचतच होते.

"भावोजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "ते उलटं करा."

"थांबा हो, जाडीचा आकडा पुसट झालाय."

"उलटं करा म्हणते मी."

त्यांनी उलटं केलं. निळ्या प्लॅस्टिकवर, पांढऱ्या मार्करने, वहिनींच्या गोल अक्षरात: सत्तावीस.

बादलीवरचा फोरमन म्हणाला, "काखेत कळसा…"

"काखेत नाही, खिशात," वहिनी म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं ते आवरेचना. पाच जणांतला एक जण भिंतीला टेकून खाली बसला आणि तिथूनच हसत राहिला.

"काल दुपारी माप घ्यायला आलो होतो," भावोजी सांगत होते. त्यांचे कान लाल झाले होते. "टेबलाच्या कडेला पडलेला दिसला. मला वाटलं, कचरा आहे."

"तुमच्या दादाला सांगते घरी."

"दादाला नको, वहिनी. वर्षभर पुरवून पुरवून सांगेल तो."

"मग आईंना सांगते."

"दादालाच सांगा."

वहिनींनी पापुद्रा त्यांच्या हातातून घेतला, मांडीवर ठेवून घड्या मोडल्या आणि फळ्यावर चिकटवला. पहिल्या नंबरापासून मोजलं. बेचाळीस. शेवटाकडून मोजलं. बेचाळीस. फोरमनने पेन पुढे केलं तर त्यांनी त्यालाही मोजायला लावलं. तोही बोट फिरवत बेचाळीसवर आला, तेव्हा त्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कालची मोजणी आज सकाळी केली.'

अकराला सात मिनिटं कमी असताना ओव्हनचा पंखा घुमू लागला. फोरमनने बादली सरकवून दिली आणि वहिनी तिच्यावर बसल्या. तेवढ्यात घरून निरोप आला, मुलीचा ताप उतरला, ती भूक लागली म्हणतेय.

भावोजी अजून फळ्यासमोरच घुटमळत होते. "वहिनी, त्या सत्तावीसच्या मागचे आकडे लागतील मला. उतरवून घेऊ?"

"घ्या ना," बादलीवरून त्या म्हणाल्या. "कागदावर."