पॉलिशवाल्या अर्बनचं दुखणं

अर्बनचं पोट पहिल्यांदा दुखलं तेव्हा तो तिशीच्या आत होता. दारूबंदी येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या मरोळच्या पाखाडीत, म्हणजे आमच्या छोट्या वस्तीत, पूर्वी जे पिणं उघड्यावर चालायचं ते आता विहिरीमागे चालू लागलं होतं. त्यामुळे कुणाचं पोट दुखलं की लोक आधी हसायचे आणि मग विचारपूस करायचे.

दुखणं बरगड्यांच्या खाली मधोमध सुरू व्हायचं आणि आरपार पाठीत जायचं. आडवं पडलं की वाढायचं. म्हणून अर्बन ओट्यावर बुटकं स्टूल घेऊन बसायचा, उशी पोटाशी धरून गुडघ्यांवर वाकायचा आणि तसाच राहायचा. कधी अर्धा दिवस, कधी दोन दिवस. ओकाऱ्या व्हायच्या. मग ते आपलं आपण उतरायचं आणि महिनाभर काही नसायचं.

शेजारची बेटीमावशी येता-जाता विचारायची, "काय रे अर्बन, किती अंडी घेऊन बसलायस खाली? पिल्लं निघाली की एक मला दे."

"दोन घे," अर्बन म्हणायचा. बोलायला श्वास पुरत नसे, तरी उत्तर द्यायचा.

अंधेरीला एका फर्निचरच्या कारखान्यात तो पॉलिशचं काम करायचा. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, त्यात कापसाची पुरचुंडी बुडवायची आणि लाकूड आरशासारखं होईपर्यंत फिरवत राहायचं. संध्याकाळी घरी आला की अंगाला, कपड्यांना स्पिरिटचा वास यायचा. दारूबंदीत काही पॉलिशवाले ते पॉलिशच गाळून पाण्यातून पितात हे सगळ्यांना ठाऊक होतं. अर्बनच्या कारखान्यातही एक तसा होता. अर्बन पीत नव्हता. लग्नाच्या मांडवात ग्लास पुढे आला तर तो शेजारच्याकडे सरकवायचा. शेजारचा तो रिकामा करून परत अर्बनच्या पुढ्यात ठेवायचा.

त्याची बायको कॉन्सेप्टा मढची. तिचा बाप होडीवर जायचा आणि दारूने गेला. शेवटच्या वर्षी त्याचं पोट माठासारखं फुगलं होतं, आई होती नव्हती सारखीच, आणि सगळं कॉन्सेप्टानेच केलं. अर्बनचं स्थळ आलं तेव्हा तिने मध्यस्थाला एकच गोष्ट विचारली होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने अर्बनलाही सांगून ठेवलं.

"बापाचं मी केलं, कारण तो बाप होता. नवऱ्याचं करणार नाय. प्यायलास तर मी मढला."

"नाय पीत गं."

"सगळे तसंच म्हणतात."

दुखणं सुरू झालं आणि कॉन्सेप्टा लक्ष ठेवू लागली. तिला दिसलं ते असं. लग्न झालं, बारसं झालं, चर्चचा सण झाला, की दुसऱ्या दिवशी अर्बन स्टुलावर. ईस्टरआधीचा उपासकाळ लागला, की पाखाडीतले पिणारेही चाळीस दिवस बाटलीला हात लावायचे नाहीत, आणि त्याच चाळीस दिवसांत अर्बनला काही म्हणजे काही होत नसे. ईस्टर आला की पुन्हा. सलग तीन वर्षं असंच झालं. बापाचं घर पाहिलेल्या बाईला आणखी काय पुरावा हवा?

अर्बनने शपथा घेतल्या. वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेत नवसाचं मेणाचं पोट विकत घेऊन वाहिलं. पाठही दुखते म्हणून पुढच्या वर्षी मेणाचा अख्खा माणूस वाहिला. अंधेरीच्या लिओनार्ड डॉक्टरकडे गेला. लिओनार्ड डॉक्टर म्हातारा, अर्ध्या मरोळचे जन्म त्याच्या हातून झालेले. त्याने पोट दाबलं, शर्टाचा वास घेतला आणि चष्मा काढून ठेवला.

"अर्बन, मी पोलीस नाय. सोड."

"डॉक्टर, मी घेतच नाय तर सोडू काय?"

"बरं. मग अल्सर म्हणू. दूध पी."

म्हशीचं साईचं दूध अर्बन दिवसातून तीनदा पिऊ लागला. त्याने दुखणं वाढलं. लिओनार्ड डॉक्टरने ते ऐकून फक्त मान हलवली.

चौथ्या वर्षीच्या ईस्टरला कॉन्सेप्टाने डुकराच्या मांसाचं इंद्याल केलं, चरबीत पिठाचे गोल फुगे तळले, माणसं जेवून गेली आणि संध्याकाळी अर्बन स्टुलावर बसला. ह्या वेळी ते तीन दिवस उतरलं नाही. गालफडं बसली. लिओनार्ड डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देऊन गेला आणि जाताना मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या एका डॉक्टराच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

त्या दिवशी कॉन्सेप्टाने पत्र्याची ट्रंक माळ्यावरून खाली काढली. कपडे भरले नाहीत. भिंतीला लावून ठेवली.

"मुंबईच्या डॉक्टरकडे मी येणार तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "तो काय म्हणतो ते माझ्या कानांनी ऐकणार. मग मी माझं बघते."

अर्बन म्हणाला, "चल." त्यालाही तेच हवं होतं. कुणीतरी आत काय आहे ते सांगावं, तिच्या समोर सांगावं, एवढीच त्याची इच्छा होती. दुखणं जाईल अशी आशा त्याने तोवर बरीचशी सोडली होती.

इस्पितळातला डॉक्टर सुखठणकर नावाचा, चाळिशीचा, कमी बोलणारा होता. अर्बन बाकावर उशीशिवाय वाकून बसला होता. डॉक्टराने दारातूनच ते पाहिलं आणि विचारलं, "असं वाकलं की बरं वाटतं?" हे कुणी आजवर विचारलं नव्हतं. मग शौचाचं विचारलं. चिकट होते का, पाण्यावर तरंगते का. अर्बनने बायकोकडे पाहिलं आणि हो म्हणाला. मग रक्त, लघवी, आणि पोटाचा एक्स-रे.

पुढच्या खेपेला डॉक्टराने एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. पाठीच्या कण्यावर आडवे, तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके दिसत होते.

"हे खडे," डॉक्टर म्हणाला. "जठराच्या मागे एक अवयव असतो. स्वादुपिंड. अन्न पचवणारा रस तिथे होतो. त्याला जुनी सूज आहे आणि आत खडे झालेत. दुखतं ते त्यामुळे."

कॉन्सेप्टाला तो शब्द नवा होता. तिने विचारलं, "डुकरालाही असतं ते? फिकट, लांबट? आतड्याजवळ?"

"असतं. तुम्ही बघितलंय?"

"दर नाताळला बघते. आम्ही ते कुत्र्याला टाकतो."

डॉक्टर हसला नाही. त्याने केसपेपर पुढे ओढला, पेन उघडलं आणि कॉन्सेप्टाकडे वळला. "बाई, आता मी तुम्हाला विचारतो, कारण पेशंट नेहमी नाही म्हणतो. हा आजार दारू पिणाऱ्यांत जास्त दिसतो. हे पितात?"

पेन कागदावर टेकलं होतं. अर्बन तिच्याकडे पाहत होता.

"नाय," कॉन्सेप्टा म्हणाली. "एक थेंब नाय. कधीच नाय."

"नक्की?"

"माझा नवरा आहे. मला ठाऊक नसेल?"

डॉक्टराने लिहून घेतलं. मग म्हणाला की न पिणाऱ्यांनाही हा आजार होतो, तरण्या पोरांनाही झालेला त्याने पाहिलाय, आणि त्यांना का होतो ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. खडे जाणार नाहीत. दुखणं पूर्ण जाईल असं तो सांगणार नाही. दारूचा विषयच नसला तर आता राहिलं खाणं. तेल, तूप, साय, डुकराची चरबी, तळलेलं, सगळं बंद. "उपासात तुम्ही काय खाता? चाळीस दिवस दुखत नाही म्हणता ना?"

"पेज. उकडलेली भाजी. कधी सुकं बोंबील भाजून."

"मग वर्षभर तेच."

परतीच्या वाटेवर अंधेरी स्टेशनबाहेर ते बसची वाट पाहत उभे होते. अर्बनच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग होता.

"तुला पटलं म्हणजे," तो म्हणाला.

"काय पटलं?"

"तू नाय म्हणालीस. मी घेत नाय असं."

कॉन्सेप्टाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो वेडा झालाय. "मग काय हो म्हणू? तो सरकारी माणूस. पेन घेऊन बसलेला. उद्या तो कागद पोलिसाकडे गेला तर? मढला जायचं ते मी जाईन, पण नवऱ्याला आत घालून नाय जाणार."

बस आली. दोघं बसली. तिने खिडकी त्याला दिली.

शनिवारी कॉन्सेप्टा कुमसाराला गेली आणि पाद्रीसमोर पाप सांगितलं, की इस्पितळात डॉक्टरशी खोटं बोलले. पाद्रीने विचारलं, का? तिने सांगितलं, नवऱ्यासाठी. त्याने प्रायश्चित्त म्हणून जपमाळेची अख्खी रोजारी दिली आणि पुढे खोटं बोलू नकोस म्हणाला. तिने तिथेच गुडघे टेकून ती संपवली आणि घरी आली.

आता तिच्या डोक्यात एक हिशेब बसला होता. डॉक्टर शहाणा होता, खडे त्याने बरोबर ओळखले. पण दारूचं तिने खोटं सांगितलं. म्हणून बिचाऱ्याने दोष उगाच खाण्यावर टाकला. दारूवर टाकला असता तर खाणं बंद केलंच नसतं. म्हणजे पेज आणि भाजी ही तिच्या खोट्याची शिक्षा अर्बनला मिळत होती. माणूस काडीसारखा झालेला, त्याला पेज? तिने अर्बनला समोर बसवलं.

"ऐक. ट्रंक मी वर ठेवते. एकदाच संधी देते. हा रविवार तू माझ्या डोळ्यांसमोर राहायचं. कारखाना नाय, विहिरीकडे नाय, बेटीच्या दारात नाय. तू घेतली नाहीस की दुखणार नाय. मग मी मानीन की तू सोडू शकतोस."

"मी घेतच—"

"राहतोस की नाय?"

"राहतो."

"आणि नीट जेवायचं. पेज बिज मी करणार नाय."

"डॉक्टर म्हणाला—"

"डॉक्टरला मी फसवलंय. जेव."

अर्बन चार-पाच दिवस उपासाचं जेवण जेवला होता आणि तेवढ्यात त्याला बरं वाटू लागलं होतं. पण वाद घालायची ताकद त्याने आधीच खर्चून टाकली होती.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली आणि दोघं बरोबर घरी आली. तिने त्याच्याकडून कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करून घेतलं. तो खिळे ठोकत होता तेव्हा ती दारात पीठ फेटत बसली होती. तो मागे परसात गेला तर ती बाहेर उभी राहिली. बेटीमावशी कुंपणावरून म्हणाली, "काय गं, नवरा पळून जाईल म्हणून राखतेस? त्या काडीला कोण नेतंय?"

"तू नेशील, तुझा भरवसा नाय," कॉन्सेप्टा म्हणाली.

दुपारी तिने चरबीत फुगे तळले, इंद्यालाबरोबर वाढले आणि तो नको म्हणाला तरी आणखी दोन ठेवले. तो जेवला. तिने त्याला ओट्यावर बसवलं आणि स्वतः समोर बसून तांदूळ निवडले.

ऊन उतरायच्या आधी अर्बन उठला, आतून उशी आणली आणि स्टूल ओढलं.

"काय झालं?" कॉन्सेप्टा म्हणाली.

त्याने हात वर केला, थांब असा. मग वाकला. कपाळावर घाम आला. तिने तोंडाजवळ जाऊन वास घेतला. लसणीचा आणि व्हिनेगरचा वास होता, तिच्याच इंद्यालाचा. शर्ट धुतलेला होता, तिनेच सकाळी दिलेला. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिने बाटलीसाठी परसात जाऊन पाहिलं नाही, खुराड्यात हात घालून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिवसभर तो तिच्या नजरेतून सुटला नव्हता. त्याच्या पोटात जे होतं ते सगळं तिने वाढलं होतं.

बराच वेळ ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "अर्बन."

"हं."

"कधीच नाय घेतलीस?"

"नाय."

"तेव्हाही नाय? बेनेडिक्टच्या लग्नात? चार ग्लास होते तुझ्यासमोर."

"बेनेडिक्टच्या मामाचे."

तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "म्हणजे डॉक्टरला मी खरंच सांगितलं."

"हं."

"आणि पाद्रीला जाऊन सांगितलं की खोटं बोलले. गुडघे टेकून. अख्खी रोजारी म्हटली रे त्याची."

अर्बनच्या खांद्यांना झटका बसला. तिला वाटलं ओकारी येतेय, म्हणून तिने तसराळं पुढे केलं. तो हसत होता. दोन्ही हातांनी पोट दाबून धरत तो म्हणाला, "हसवू नको गं. हसलं की जास्त दुखतं."

ते दुखणं दोन दिवस राहिलं. तिसऱ्या दिवशी कॉन्सेप्टाने चरबीचा डबा बेटीमावशीला दिला आणि पेज टाकली. पुढेही अर्बनला दुखायचं, वर्षातून दोनदा, कधी तीनदा. काही वर्षांनी त्याच आजाराने लघवीत साखर आली. बेटीमावशी अंड्यांचं विचारायची, आणि आता कॉन्सेप्टा ओट्यावरून उत्तर द्यायची, "स्वादुपिंड म्हणतात त्याला. शिकून घे."