ताईचा मदरबोर्ड

साधी चप्पल घ्यायची तरी मी चार दुकानं पालथी घालतो, म्हणून घरात मला पंडित म्हणतात. ताईच्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली तेव्हा नवा जुळवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

ताईला दिसत नाही. ती घरी बसून रेडिओसाठी मुलाखतींचं ध्वनिसंपादन करते, आणि तिच्या कामाला नावं ठेवणारा अजून जन्मायचाय. स्क्रीनवरचं सगळं एक सॉफ्टवेअर तिला वाचून दाखवतं. फक्त मशीन सुरूच झालं नाही, तर तिला मला हाक मारावी लागते. आता मला दुसऱ्या शहरात मनासारखी नोकरी चालून आली होती आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. ताईला एकटं टाकून जायला मन धजत नव्हतं, म्हणून मी नाही म्हणणार होतो. हे तिला समजलं होतं, आणि ती माझ्यावर जाम उखडली होती.

सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी तिला तीन मदरबोर्डांची तुलना वाचून दाखवली. प्रोसेसर कुठला चालतो, रॅम किती मावते, मागे यूएसबी किती, सगळं साग्रसंगीत. ती मटार सोलत ऐकत होती.

"तिसरा घेऊ," मी म्हणालो. "मशीन अडलं तर कुठे अडलं ते दाखवायला रंगीत दिवे आहेत. रॅमचा वेगळा, प्रोसेसरचा वेगळा. दिवा बघितला की झालं!"

"अरे वा. आणि दिवा कोण बघणार?"

इतके दिवस डोकं खाजवून मी नेमकं हेच विसरलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी बघेन की," मी पुटपुटलो.

"तेच तर नकोय मला!" तिने भांडं आपटलं, मटार टेबलभर पळाले. "विंडोज सुरू झालं की पुढचं माझं मी निस्तरते. पण ते सुरूच झालं नाही, तर माझं सॉफ्टवेअरही मुकं. तेव्हा काय बिघडलंय ते मला कळायला नको? यातला कुठला बोर्ड आवाज करतो ते सांग."

असा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. मी तिन्ही बोर्डांच्या माहितीपुस्तिका पुन्हा उघडल्या. दोन बोर्डांवर नुसतेच दिवे. पहिल्यावर मात्र, ज्याला मी केव्हाच बाद केलं होतं, छोटा स्पीकर लावायची सोय होती. बिघाड तसा आवाज. यूएसबी मात्र कमी आणि रूप अगदीच बापुडवाणं.

"रूप काय चाटायचंय?" ताई म्हणाली. "आवाजांचे अर्थ वाच."

दुपारी मी स्पीकरसकट तोच बोर्ड आणला. ताईने त्यावरून सावकाश बोटं फिरवली, प्रत्येक खाचेपाशी थांबून हे काय, ते काय विचारलं. प्रोसेसर मी बसवला, रॅम तिने. जुनी डिस्क जोडली आणि बटण दाबलं. पंखे फिरले, मग एक लांबलचक बीप झाली. थांबून पुन्हा तशीच.

मी पुढे सरसावलो, तर तिने माझ्या हातावर फटका मारला.

"हात मागे! लांब आवाज, थांबून परत लांब. म्हणजे रॅम, हो ना?"

"हो, पण..."

"पण-बिण काही नाही."

तिने वायर काढली, रॅमच्या पट्ट्या चाचपल्या. एकीचं टोक वर राहिलं होतं. अंगठ्याने दाबताच ते कट्कन बसलं. परत बटण. या वेळी एकच आखूड बीप झाली, आणि थोड्या वेळाने तिचं सॉफ्टवेअर बोलायला लागलं. मला हसूही येत होतं आणि रडूही. ताईने हेडफोन चढवून अर्धवट राहिलेली मुलाखत उघडलीसुद्धा.

"फोन लाव त्या नोकरीवाल्यांना," ती मान न वळवता म्हणाली.

मी लावला. तिकडून "हॅलो" आलं आणि मी ताईच्या खांद्यावर हात ठेवला. ताईने एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"बोल ना रे," ती हळूच म्हणाली. "हो म्हण."

मी हो म्हणालो.