क्रेसेन्झच्या कळपाचा मुकुट

मुकुट आदल्या संध्याकाळीच बांधून तयार होता. फरच्या फांद्या, डोंगरातली काटेरी फुलं, मधोमध आरसा. तो खुंटीला टांगला तर म्हणे झोपडी एका बाजूला कलली! असं क्रेसेन्झच सांगायची, आणि तिचं बोलणं निम्म्यानं कमी करून ऐकायचं, हे आख्ख्या आल्गॉय मुलखाला ठाऊक होतं.

उन्हाळाभर गावाची बत्तीस जनावरं तिनं डोंगरावर सांभाळली होती. आज ती वाजतगाजत खाली न्यायची. सगळी धडधाकट असली तरच पुढच्या गाईच्या डोक्यावर मुकुट. एखादं जरी दगावलं, हरवलं, तर मुकाट्यानं बोडकं उतरायचं. सत्तरी उलटलेल्या बाईच्या हाती कळप द्यायला अर्ध्या गावाची ना होती. मुकुटाविना खाली गेली, तर पुढच्या वर्षी तिला वर कोण पाठवतंय!

आणि सकाळी मोजली, तर एकतीस.

"माझीच बिर्गा नाही," हाकायला वर आलेला कोर्बिनिअन म्हणाला. "तरी मी सभेत सांगत होतो. आजी, ठेवा तो मुकुट. खाली बँडवाले ताटकळलेत."

"ताटकळू देत. तेवढेच सुरात येतील."

सून रोझविता हळूच कानाशी लागली. "सासूबाई, त्या गर्दीत कोण मोजतंय? बत्तीस म्हणा नि चला."

"फुशारक्या मी माझ्या मारते गं. गुरांच्या मोजणीत नाही."

बिर्गा ही कालवड दोन दिवस कळपातून बाजूला राहत होती. चालही जड. गवत जास्त झालं असेल, असं क्रेसेन्झला वाटलेलं. आता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं गवत वाहायची मोठी करंडी पाठीला लावली आणि काठी उचलली.

"करंडीत कालवड भरून आणणार?" कोर्बिनिअन हसला.

"तुला न्यायचं असतं तर दोन लागल्या असत्या. मुकुटाला हात लावू नकोस!"

कड्याखाली, वारा लागत नाही अशा खोलगट जागी ती नेमकी गेली. दीड तासानं उतारावर दिसली. मागून बिर्गा, हंबरत, करंडी हुंगत. आणि करंडीतून डोकावणारं ओलं, तांबूस वासरू.

कोर्बिनिअनचा चेहरा बघण्यासारखा झाला. "शक्यच नाही! बिर्गा गाभण नव्हतीच. माझा बैल हिवाळाभर बांधलेला होता."

"बैलाला तसं सांगितलं होतंस का?" रोझविता म्हणाली.

"पण बत्तीस नेली आणि तेहेतीस आणली. हे नियमात कुठं बसतं?"

"कमी झालं तर मुकुट नाही, एवढाच नियम आहे," क्रेसेन्झ म्हणाली. "जास्तीबद्दल दोन मुकुट द्यायचे असतील, तर मी नको म्हणणार नाही. धर पुढच्या गाईचं डोकं!"

त्यानं गाईचं डोकं धरलं. क्रेसेन्झनं मुकुट चढवून दोर आवळला.

"अजून घट्ट," तोच पुटपुटला. "बँडसमोर कलला तर मागून येणाऱ्या माझ्या कालवडीचीही लाज जायची."

मग कळप निघाला. पुढं मुकुट, मधे घंटांचा दणदणाट, आणि सर्वांत मागं सावकाश बिर्गा. तिच्यापुढं कोर्बिनिअन. करंडी त्याच्या पाठीवर, आणि वासरू त्याचा कान चाटत होतं.