मढची चिठ्ठी

जुन्नरच्या पेठेत उत्तमचंदांचं कापडाचं दुकान होतं. दुकान आता मुलगा पारस बघायचा. उत्तमचंदांचा जीव मात्र शाळांमध्ये होता. आसपासच्या गावांत शाळा चालवणाऱ्या एका संस्थेचे ते कित्येक वर्षं चिटणीस होते आणि संस्थेचे सगळे कागद त्यांच्याच माळ्यावर पडून होते. शहाण्णव साली संस्थेनं नव्या इमारतीत कागदांसाठी वेगळी कोरडी खोली बांधली. सगळे कागद तिथं कायमचे नीट लावून ठेवायचे ठरले.

उत्तमचंदांनी जाड पुठ्ठ्याच्या फायली आणि काळी शाई आणली, खळ शिजवून घेतली, फायलींत घालायला कडुलिंबाचा पाला वाळवला. पण मागच्या आजारपणापासून त्यांचा हात थरथरायचा. फायलीवर डकवायच्या चिठ्ठीवर नाव लिहायला घेतलं, की अक्षरं ओळ सोडून पळायची.

"सून आहे की घरात," त्यांच्या पत्नी सुंदरबाई म्हणाल्या. "तिचं अक्षर बघा एकदा."

पारसची बायको चेतना मागच्याच थंडीत घोडनदीहून लग्न होऊन आली होती. घरची रीत अशी, की सुनेनं सासऱ्यांपुढं पदर ओढून घ्यायचा आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. म्हणून सासरे एका भिंतीशी खळ घेऊन, सून दुसऱ्या भिंतीशी टाक घेऊन आणि मधे सुंदरबाई गहू निवडत, अशी बैठक बसली.

"तिला सांग, वर गाव, खाली साल, त्याखाली विषय. ही पेठ गावच्या शाळेची. इमारतीचा पत्रव्यवहार."

चेतनाला सगळं ऐकू यायचं. तरी ती सासूबाईंनी सांगेपर्यंत थांबायची.

"पेठ. इमारत," सुंदरबाई सांगायच्या.

"पत्रव्यवहार राहिला," उत्तमचंद म्हणायचे.

"अहो, तिनं लिहिलाय कधीच!"

पदराआड चेतनाला हसू आवरायचं नाही.

दुपारी दूधवाला आला म्हणून सुंदरबाई दाराशी गेल्या. उत्तमचंदांनी वाळलेली एक चिठ्ठी उचलली, मागून खळ लावली आणि ती समोरच्या फायलीवर धरली. चेतना खाकरली. मग तिनं बांगड्या वाजवल्या. त्यांचं लक्षच नव्हतं.

"बाबूजी, थांबा! चिठ्ठी मढची आहे, फाइल महाळुंगे पडवळची!"

उत्तमचंदांचा हात तसाच राहिला. खळ धोतरावर ठिबकली. चेतनानं पदर आणखी पुढं ओढला. दाराशी सुंदरबाई दुधाचं भांडं घेऊन उभ्या होत्या.

"मग मढची कुठं आहे?" मान वर न करता, पण अगदी हळू आवाजात उत्तमचंदांनी विचारलं.

"तुमच्या गुडघ्याखाली."

त्यांनी गुडघा उचलला. फाइल तिथंच होती. मग ते असे हसले, की त्यांना ठसकाच लागला.

सुंदरबाईंनी भांडं खाली ठेवलं. "माझे सासरे गेले, पण त्यांच्याशी माझं एका शब्दाचंही बोलणं झालं नाही," त्या म्हणाल्या. "माणूस चांगला होता. मला त्यांना कितीतरी सांगायचं होतं. ते असू दे. आता तुम्ही दोघं आपापसात बोला, मी चहा टाकते."

त्यानंतर काम झपाझप चाललं. चेतना विचारायची, उत्तमचंद सांगायचे. मढच्या फायलीशी ते जरा रेंगाळले. पावसाळ्यात तिथं पहिला वर्ग गोठ्यात भरला होता आणि फळ्यामागं म्हैस रवंथ करत असायची. हे त्यांनी आजवर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, ते आज चेतनाला सांगितलं. चेतनानं पदर कधी मागं घेतला, ते तिलाही कळलं नाही.

फायली जीपमधून नव्या खोलीत नेल्या, तेव्हा तीही सोबत गेली. शिपाई कुशाबा एकेक चिठ्ठी वाचत फायली फडताळात लावत गेला. "लई झ्याक अक्षर हाय," तो म्हणाला. "पोराला दावाया पायजे."

"आमच्या चेतनाचं आहे," उत्तमचंद म्हणाले.

परतताना ते जीपमधून बाहेरच्या द्राक्षबागा बघत होते. मग म्हणाले, "तू आलीस तेव्हापासून विचारायचं होतं. तुझ्या सासूकरवी विचारणं बरं वाटेना. इथं करमतं का गं तुला?"

"आधी नव्हतं करमत, बाबूजी," चेतना म्हणाली. "घोडनदीची फार आठवण यायची."

"मग माहेरी जायला दिवाळीपर्यंत कशाला थांबतेस? येत्या रविवारी जाऊन ये. पारस नाही आला, तर मी येतो सोडायला."