गुलाबी पडलेली गाडी

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात. असतोच. पण माझे दीर माझ्या खोलीची भिंत पाडायचं बोलले, त्या दिवशी तो नाकावरून थेट डोक्यात गेला.

आमचं गॅरेज दोन भागांचं. पुढच्या मोठ्या भागात भावजी गाड्या रंगवतात, मागच्या खोलीत मी गाड्यांना पॉलिश करते. बावीस वर्षं झाली. नवरा टेबलापाशी बसून फोन घेतो आणि आमचं भांडण लागलं की चहा आणायला निघून जातो. भावजींना रंग फवारायला दुसरा बंद बूथ हवा होता आणि त्यासाठी माझी खोली. "वहिनी, घासायचं काम काय, बाहेर अंगणातही होईल," असं म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्याच बुधवारी एक मास्तरीणबाई त्यांची गाडी घेऊन आल्या. बाई निवृत्त झालेल्या, गाडी चाळीस वर्षांची, रंग गुलाबी. म्हणजे मूळचा लाल, पण उन्हाने वरून खडूसारखा होऊन गेलेला. बोट फिरवलं तर बोटाला पूड लागत होती.

"माझ्या नातीला वाटतं ही गुलाबीच आहे," बाई म्हणाल्या. "राखाडी रंग देऊन टाका. हल्ली सगळ्यांच्या तशाच असतात."

भावजींनी लगेच रंगांचं कार्ड काढलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, हा रंग वरूनच मेलाय. खाली चांगला जिवंत आहे. मला शनिवारपर्यंत वेळ द्या."

भावजींनी एक फडकं घेतलं, पॉलिशचा ठिपका टाकला आणि दारावर खसाखसा घासलं. फडकं लालभडक झालं. ते त्यांनी बाईंच्या समोर धरलं. "बघा, रंगच निघून येतोय. उरलंय काय हिच्यात?"

आता हे भावजींचं अज्ञान नाही, सवय आहे. आजच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक थर असतो. तिथे फडक्याला रंग आला म्हणजे घात झाला. पण या जुन्या गाड्यांना वरचा थर नसतोच. एकच थर, रंगही त्याचा आणि चमकही त्याचीच. घासल्यावर फडकं लाल होणारच. हे मी त्यांना दहा वेळा सांगितलंय, पण पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. शनिवारी बाईंना पसंत पडलं तर खोली तुमची, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही पडलं तर सोमवारी गवंडी." बाईंना यातलं काही कळलं नसावं, पण जन्मभर वर्गातली भांडणं सोडवलेल्या त्या, मान डोलावून निघाल्या.

मरत आलेल्या रंगाला आधी घासायचं नसतं, पाजायचं असतं. गुरुवारी मी गाडी धुतली आणि तेलकट पॉलिश हाताने चोळलं, अगदी जाड, टाळूला तेल थापतात तसं. मग दिवसभर तसंच ठेवलं. संध्याकाळी पुसून पाहिलं तर अर्धं पॉलिश रंगाने पिऊन टाकलेलं. पुन्हा थापलं. शुक्रवारी सकाळी पुसलं तेव्हा दारांच्या खालच्या भागात लाल रंग वर आला होता. अजून धुरकट, पण लाल. मी एकटीच खोलीत हसत उभी होते. बावीस वर्षांत हजार गाड्या झाल्या असतील, तरी तो क्षण आला की मला अजून पोटात गुदगुल्या होतात.

दुपारपर्यंत गाडीचं छत आणि दारं झाली, मऊ पॅडने, मशीन अगदी हळू फिरवून. राहिलं होतं फक्त बॉनेट. बॉनेटच्या मधोमध एक उभी कड असते. कडेवर रंग सगळ्यात पातळ, म्हणून तिच्यावर आधी चिकटपट्टी लावायची, हे मी झोपेतही सांगेन.

तेवढ्यात भावजी गवंड्याला घेऊन आत आले आणि माझ्यादेखत भिंतीला टेप लावून माप घ्यायला लागले. शनिवार उजाडायच्या आत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चिकटपट्टी न लावताच मी मशीन उचललं, चालू केलं आणि बॉनेटवर दाबलं. कडेवरून एकदा गेले, दोनदा गेले, आणि तिसऱ्यांदा खालचा करडा प्रायमर दिसला. नखाएवढा ठिपका.

मी मशीन बंद केलं. गवंडी गेला होता, भावजीही गेले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पिंपावर बसले आणि रडले, राग त्यांचा नाही, स्वतःचा. चाळीस वर्षं उन्हात टिकलेला रंग मी एका रागात घालवला होता.

झाकता आलं असतं. थोडं मेण, थोडी लाल पेन्सिल, बाईंना चष्मा. पण मला ते जमणारं नाही. आणि आमच्या गावात लाल रंगाला लाल रंग डोळ्यांनी जुळवून देणारा माणूस एकच आहे. त्याच्याच दारात मी गेले.

"भावजी, मी कड जाळली. रंग घासून गेला."

टोमण्याची मी पुरती तयारी ठेवली होती. पण ते आले, बॉनेटवर वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मग गाडीच्या दारापर्यंत गेले, तिच्या छताकडे बघितलं, पुन्हा बॉनेटपाशी आले.

"हा रंग खालीच होता?" त्यांनी विचारलं.

"मी कुठून आणणार?"

त्यांनी डबे आणले. पत्र्याच्या तुकड्यावर पहिला लाल काढला, वाळवला, गाडीशेजारी धरला. नारिंगी निघाला. दुसरा वांगी. ओला असताना जुळायचा आणि वाळला की गडद व्हायचा. पाचव्यांदा त्यांनी कपाळाला हात लावला. सातव्यांदा म्हणाले, "वहिनी, हा आता कुठल्या कार्डात नाही." नवव्यांदा पत्रा गाडीवर ठेवला तेव्हा पत्रा कुठे संपतो ते मला शोधावं लागलं. बारीक ब्रशने त्यांनी ठिपक्यावर थेंब सोडला. शनिवारी सकाळी बारीक घासकागद ओला करून तो त्यांनीच सपाट केला, माझ्या हातात कागद दिलाच नाही.

अकराला बाई आल्या. दारातच थांबल्या. मग गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"मी राखाडी म्हणाले होते ना?" त्या म्हणाल्या.

बोलले ते भावजी. "म्हणाला होतात बाई. पण मी नाही देणार. राखाडी मी उद्याही देईन, पण हा लाल एकदा गेला तर मला परत करता येणार नाही. एका थेंबाला मला आख्खी दुपार लागली."

मग मी ठिपक्याची गोष्ट सांगून टाकली. बाईंनी चष्मा लावला आणि बॉनेटवर नाक टेकवून शोधलं. सापडला नाही. मी बोट ठेवून दाखवला, तरी सापडला नाही.

"आम्ही ही आणली त्या दिवशी अशीच होती," बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "राहू दे. आता नातीला दाखवते, तिची आजी गुलाबी गाडीवाली नव्हे म्हणून."

गाडी गेली. तिच्या मागे आम्ही दोघं रस्त्यावर उभे होतो.

"तुमच्या खोलीत उजेड कमी पडतो," भावजी म्हणाले. "एक दिवा लावून देतो."

बावीस वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता, आणि तो लपवायची मला काही गरज वाटली नाही.

"दोन लागतील, भावजी," मी म्हटलं.