ग्रहणातले मासे

दत्तूभाऊजींना घर आवरायला कुणी सांगितलं होतं, हेच मथुराबाईंना कळेना. ग्रहण सुटल्यावर त्या राम घाटावर अंघोळीला काय गेल्या, मागे या दिरानं घरातलं सगळं पाणी ओतून दिलं. माठ, घागरी, आणि माशांची काचेची पेटीसुद्धा! वर पेटीत थेट नळाचं पाणी भरून ठेवलं.

चार लाल मासे उलटे तरंगत होते, दोन वर येऊन तोंडं वासत होते. नवं राज्य होऊन राजधानी भोपाळला गेली, तशी सरकारी नोकरीतल्या त्यांच्या मुलाची, सुधाकरची तिकडे बदली झाली. क्वार्टर मिळेपर्यंत त्यानं मासे आईच्या भरवशावर ठेवले होते. नळातल्या औषधाचा वास जाईपर्यंत मथुराबाई पाणी दोन दिवस हंड्यात ठेवत, मगच पेटीत लोटा-लोटा बदलत. तो हंडाही आज कोरडा. साऱ्या आळीनं पाणी ओतलेलं, मागायचं कुणाकडे?

"ग्रहणातलं पाणी ठेवत नाहीत, वहिनी," भाऊजी म्हणाले. "ग्रहणच भारी होतं. सुधाकरला तसं लिहून टाकतो."

मथुराबाईंनी फळीकडे पाहिलं. भाऊजींच्या लोणच्याच्या बरणीवर दर्भाची काडी जशीच्या तशी होती.

"लोणचं विटाळू नये म्हणून काडी बरी आठवली! पेटीवर एक ठेवली असती, तर तुमचं शास्त्र बुडत होतं? मला लिहिता येत नाही, म्हणून माझी पत्रं तुम्ही लिहिता ना? घ्या दौत. लिहा, 'मासे ग्रहणानं नाही, मी मारले.' आणि खाली नाव माझं नको, तुमचं घाला."